डोळ्यांवरची सावली : गॉगलची निवड आणि निगा

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरात काळा चष्मा दीर्घकाळ आजारपणाची खूण म्हणून वावरला. डोळे आले, किंवा घरातील वडीलधाऱ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, की दवाखान्यातून मिळालेला तो चष्मा काही दिवस वापरला जाई आणि काम संपले की कपाटाच्या खणात पडून राही. दुसरीकडे चित्रपटांनी त्याच वस्तूला रुबाब मिळवून दिला, आणि आज गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी, नथ, फेटा आणि डोळ्यांवर गॉगल अशा वेषात मोटारसायकल चालवणाऱ्या स्त्रिया हे गिरगाव, ठाणे, डोंबिवली येथील परिचित दृश्य झाले आहे. उपचार आणि मिरवणे या दोन टोकांमध्ये गॉगलच्या खरेदीचा विचारही विभागला गेला, तो असा की रक्षणाचा प्रश्न काचेचा मानला जातो आणि शोभण्याचा प्रश्न फ्रेमचा. ही विभागणी प्रत्यक्षात टिकत नाही. चेहऱ्यावर नीट बसलेली फ्रेम चेहऱ्याला शोभते आणि डोळ्यांचेही रक्षण करते, आणि ज्या कारणाने एखादा गॉगल चेहऱ्यावर विजोड दिसतो, बहुतेक वेळा त्याच कारणाने तो तिरप्या उन्हाला डोळ्यापर्यंत वाट देत असतो. निवडीचे आणि निगेचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात.

सूर्यप्रकाशाची प्रतवारी तरंगलांबीने, म्हणजे प्रकाशलहरीच्या दोन लगतच्या शिखरांमधील अंतराने केली जाते, आणि हे अंतर नॅनोमीटर या एककात, म्हणजे मीटरच्या अब्जांश भागात मोजतात. साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर हा पट्टा डोळ्याला दिसतो. ४०० पेक्षा कमी तरंगलांबीचे किरण दिसत नाहीत आणि त्यांना अतिनील किरण म्हणतात. त्यांपैकी २८० पेक्षा कमी तरंगलांबीचे यूव्ही-सी किरण वातावरणात वरच्यावर शोषले जातात, परंतु २८० ते ३१५ या टप्प्यातील यूव्ही-बी किरणांचा काही अंश आणि ३१५ ते ४०० या टप्प्यातील यूव्ही-ए किरणांचा मोठा भाग जमिनीपर्यंत पोचतो. डोळ्यातील पुढचा पारदर्शक पडदा, ज्याला पारपटल म्हणतात, यूव्ही-बी किरणांचा बराचसा भाग स्वतः शोषून घेतो, त्यामागचे नेत्रभिंग उरलेल्या अतिनील किरणांपैकी बहुतेक अडवते, आणि अशा रीतीने सर्वांत आतले दृष्टिपटल सुरक्षित राहते. या राखणीची किंमत मात्र पारपटलाला आणि नेत्रभिंगाला मोजावी लागते. थोड्या वेळात फार मोठा मारा झाला तर पारपटलाचा पृष्ठभाग उन्हात त्वचा भाजावी तसा भाजतो आणि काही तासांनी डोळ्यांत खडे गेल्यासारखी असह्य टोचणी लागते. बर्फाळ प्रदेशात यालाच हिमांधत्व म्हणतात. वर्षानुवर्षे थोडा थोडा मारा होत राहिला तर मोतीबिंदूचा धोका वाढतो, पांढऱ्या बुबुळावरून काळ्या बुबुळाकडे मांसाचा पडदा सरकू लागतो, ज्याला वैद्यकात टेरिजियम असे नाव आहे, आणि पापण्यांच्या नाजूक त्वचेला कर्करोग होण्याची शक्यताही वाढते. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात चेसापीक उपसागरावर मासेमारी करणाऱ्या ८३८ जणांचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि ज्यांच्या डोळ्यांना आयुष्यभरात यूव्ही-बी किरण अधिक लागले त्यांच्यामध्ये नेत्रभिंगाच्या बाहेरच्या थरातील मोतीबिंदू अधिक आढळतो, हे त्यातून पुढे आले.

हा अभ्यास उपसागरावरच्या मच्छीमारांचा होता, ही बाब कोकणपट्टीच्या दृष्टीने दुर्लक्षिण्यासारखी नाही. उघड्या होडीवरचे कोळी, फडातले ऊसतोडणी कामगार, चौकातले वाहतूक पोलीस, रस्त्याच्या कामावरचे मजूर आणि दिवसभर दुचाकीवरून माल पोचवणारे तरुण यांच्या डोळ्यांवर पडणारे ऊन हे कार्यालयात बसणाऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या उन्हाच्या अनेक पट असते, आणि तरीही गॉगल हा त्यांच्या कामाच्या सामानाचा भाग मानला जात नाही. गांधी टोपीला पुढे कड नसल्याने तिची सावली डोळ्यांवर पडत नाही. कपाळाच्या पुढे ओढलेला पदर या बाबतीत तिच्याहून सरस ठरतो. रुंद काठाची टोपी आणि गॉगल यांचा एकत्र वापर हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे, आणि तो चैनीच्या यादीतून काढून कामाच्या यादीत घालणे गरजेचे आहे.

काचेचा काळेपणा आणि अतिनील किरणांपासून मिळणारे संरक्षण या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत ही खरेदीतील सर्वांत महाग पडणारी चूक होय. काचेला दिलेला रंग दृश्य प्रकाश कमी करतो. अतिनील किरण अडवण्याचे काम काचेच्या मूळ द्रव्यात मिसळलेले शोषक किंवा ते द्रव्य स्वतः करते. पॉलिकार्बोनेट हे न फुटणारे प्लास्टिक स्वभावतःच बहुतेक अतिनील किरण अडवते, म्हणून त्यापासून केलेला पूर्ण पारदर्शक चष्माही या बाबतीत चांगला असू शकतो. उलट शोषक नसलेली गडद काच डोळ्यासमोर अंधार करते, त्या अंधारात डोळ्याची बाहुली रुंदावते, डोळे किलकिले करण्याची स्वाभाविक क्रिया कमी होते, आणि न दिसणाऱ्या किरणांना आत शिरायला वाट मोकळी होते. किमतीवरूनही याचा अंदाज बांधता येत नाही, कारण चांगल्या प्लास्टिकचा साधा गॉगल पुरेसे संरक्षण देऊ शकतो आणि महागड्या गॉगलच्या किमतीचा मोठा हिस्सा नावाचा आणि नक्षीचा असू शकतो. ‘यूव्ही ४००’ या खुणेचा अर्थ ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवले जातात असा आहे, परंतु खूण छापणे सोपे असल्याने चष्म्याच्या दुकानातील तपासणी यंत्राखाली काच धरून पाहण्याचा आग्रह धरावा. अनेक दुकानांत असे यंत्र असते आणि तपासणीला मिनिटभरही लागत नाही.

काच किती गडद असावी याचे उत्तर आंतरराष्ट्रीय मानकाने ० ते ४ अशा पाच श्रेणींत दिले आहे. शून्य श्रेणीची काच ८० टक्क्यांहून अधिक दृश्य प्रकाश आत सोडते, पहिली ४३ ते ८०, दुसरी १८ ते ४३, तिसरी ८ ते १८, आणि चौथी फक्त ३ ते ८ टक्के. महाराष्ट्रातील उन्हाळ्यासाठी तिसरी श्रेणी योग्य ठरते, ढगाळ हवेसाठी आणि सकाळ-संध्याकाळच्या फिरण्यासाठी दुसरी पुरते. चौथी श्रेणी हिमालयातील बर्फासाठी आहे आणि ती लावून वाहन चालवू नये असे मानकच सांगते. लेहसारख्या सुमारे ३,५०० मीटर उंचीच्या ठिकाणी, किंवा त्याहून वरच्या हिमाच्छादित वाटांवर गिर्यारोहणाला जाणाऱ्या मराठी तरुणांनी मात्र ती जवळ बाळगायलाच हवी, कारण दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरणांची तीव्रता साधारण दहा टक्क्यांनी वाढते आणि ताजा बर्फ त्यांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. हवेचा गारवा येथे फसवा ठरतो. महाबळेश्वरची थंड हवा उन्हातील अतिनील किरणांना थोपवत नाही.

याच संदर्भात दोन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. रात्री वाहन चालवताना समोरच्या दिव्यांचा त्रास होऊ नये म्हणून विकले जाणारे पिवळे चष्मे उपयोगी नाहीत. रस्त्यावरचा पादचारी ओळखण्यात पिवळ्या काचेने कोणतीही सुधारणा होत नाही असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले, आणि कोणताही रंग शेवटी रात्रीचा अपुरा प्रकाश आणखी कमीच करतो. दुसरा गैरसमज ग्रहणाचा. सूर्याकडे थेट पाहण्यासाठी बनवलेला ग्रहणचष्मा कमाल ०.००३२ टक्के प्रकाश आत सोडतो, तर चौथ्या श्रेणीचा सर्वांत गडद गॉगलही त्याच्या सुमारे हजारपट प्रकाश सोडतो. गॉगल लावून ग्रहण पाहणे म्हणजे दृष्टिपटल जाळून घेणे होय, मग एकावर एक दोन गॉगल चढवले तरीही.

श्रेणी आणि खूण पाहून झाली की खरेदीदार समाधानी होतो, आणि खरा प्रश्न तेथेच सुटून जातो. काचेतून येणारे किरण अडले तरी काचेच्या वरून, खालून आणि विशेषतः कानशिलाच्या बाजूने येणारे किरण फ्रेम कशी बसली आहे यावर अवलंबून असतात. सिडनी येथील नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांनी असे दाखवून दिले की कानशिलाच्या बाजूने तिरपे शिरणारे किरण पारपटलाच्या वक्रतेमुळे वळून डोळ्याच्या विरुद्ध, म्हणजे नाकाकडच्या कडेवर एकवटतात, आणि तेथील तीव्रता मूळच्या सुमारे वीसपट होऊ शकते. टेरिजियम बहुतेक रुग्णांत नाकाच्या बाजूनेच का सुरू होतो याचे पटणारे स्पष्टीकरण त्यातून मिळते. याचा सरळ अर्थ असा की समोरून उत्तम असलेला पण बाजूने उघडा राहणारा गॉगल सर्वांत नाजूक जागा तशीच सोडून देतो.

सूर्य आकाशात किती वर आहे यालाही येथे महत्त्व आहे. महाराष्ट्र संपूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने राज्यातील प्रत्येक गावी वर्षातून दोनदा सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि मे महिन्यातील ‘शून्य सावली दिवस’ शाळाशाळांतून पाहिला जातो. अशा भर दुपारी त्वचेवर पडणारे अतिनील किरण कमाल तीव्रतेचे असतात, परंतु डोळा भुवईच्या हाडाखालच्या खोबणीत असल्याने त्याला निसर्गतः थोडी सावली मिळते. जपानमधील कानाझावा येथील हिरोशी सासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुतळ्याच्या डोळ्यांत संवेदक बसवून मोजणी केली, तेव्हा सूर्याकडे तोंड असताना डोळ्यांवर पडणारे किरण दुपारी बाराला न वाढता सकाळी आठ ते दहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत अधिक असल्याचे दिसले. शाळेला, कॉलेजला आणि कामावर जाण्यायेण्याच्या वेळा त्याच असल्यामुळे, ‘दुपारी बाहेर पडत नाही, गॉगलची गरज काय’ हा युक्तिवाद निकालात निघतो.

गॉगलच्या इतिहासातील टिकून राहिलेले आकार पाहिले तर ते याच गरजेतून घडलेले दिसतात. आर्क्टिक प्रदेशातील इनुइट लोक वॉलरसच्या सुळ्यापासून, हाडापासून किंवा लाकडापासून डोळ्यांवर घट्ट बसणारी पट्टी कोरीत आणि तिला केवळ एक अरुंद आडवी चीर ठेवीत. तीत काच नव्हती, रंग नव्हता, तरी ती हिमांधत्व टाळत असे, कारण चीर अरुंद होती आणि चेहऱ्याशी तिचा सांधा घट्ट होता. १९३० च्या दशकात अमेरिकी वैमानिकांसाठी तयार झालेला आणि बॉश अँड लाँब कंपनीने १९३७ पासून ‘रे-बॅन’ या नावाने विकलेला थेंबासारखा आकारही असाच कामातून आला. वैमानिकाची नजर वर आकाशाकडे आणि खाली यंत्रांकडे सारखी फिरत असल्याने डोळ्याची सगळी खोबण झाकणारी, गालाकडे उतरत जाणारी काच त्याला हवी होती. पुढे तो आकार रुबाबाचा मानला गेला, परंतु तो शोभतो याचे मूळ कारण तो डोळ्याच्या खोबणीची रेषा पाळतो हेच आहे.

चेहऱ्याच्या आकारावरून फ्रेम निवडण्याचे कोष्टक सर्वत्र दिले जाते. गोल चेहऱ्याला कोनदार फ्रेम, चौकोनी जबड्याला गोलाईची, लांबट चेहऱ्याला उभट आणि खोल काचेची, रुंद कपाळ आणि निमुळत्या हनुवटीला खालच्या बाजूला भरलेली, असा त्याचा सारांश आहे. त्यामागील तत्त्व विरोधाचे आहे : चेहऱ्यात जी रेषा आधीच ठळक आहे तिची पुनरावृत्ती फ्रेमने करू नये. तत्त्व म्हणून ते चुकीचे नाही, पण अतिशय ढोबळ आहे, कारण बहुतेक चेहरे या साच्यांच्या मध्ये कोठेतरी असतात. त्यापेक्षा चेहऱ्याची रुंदी, भुवईची रेषा आणि नाकाची ठेवण या तीन मापांकडे लक्ष दिले तर निवड कितीतरी नेमकी होते.

रुंदीचा नियम असा की फ्रेमची एकूण रुंदी कानशिलांपाशी चेहऱ्याच्या रुंदीइतकी असावी. काड्या कानापर्यंत सरळ जाव्यात. त्या बाहेर फाकत असतील आणि कानशिलावर वळ उमटत असेल तर फ्रेम अरुंद आहे, आणि काड्या व कानशील यांच्यात बोट सहज फिरत असेल तर ती रुंद आहे. अरुंद फ्रेममुळे चेहरा आहे त्याहून रुंद भासतो, रुंद फ्रेममुळे डोळे काचेच्या आतल्या कडेला सरकल्यासारखे दिसतात. डोळे काचेच्या मध्याच्या किंचित वर आणि नाकाकडे असले म्हणजे चेहरा तोललेला वाटतो. फ्रेमच्या काडीच्या आत ‘५४ □ १८ १४०’ अशासारखे आकडे छापलेले असतात, त्यांत पहिला आकडा काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाची रुंदी आणि तिसरा काडीची लांबी मिलिमीटरमध्ये सांगतो. नीट बसणाऱ्या जुन्या चष्म्यावरील हे आकडे टिपून दुकानात नेले तर निम्मी शोधाशोध वाचते, आणि ऑनलाइन खरेदीत तर दुसरा विश्वासार्ह आधार नाही. फोनच्या पडद्यावर चेहऱ्याला चिकटवून दाखवलेली फ्रेम रंग आणि आकार दाखवते, पण तिचे वजन, नाकावरून तिचे घसरणे आणि गालाला तिचे टेकणे दाखवू शकत नाही.

भुवईच्या बाबतीत फ्रेमची वरची कड भुवईच्या वळणाला समांतर जावी आणि भुवईवर किंवा तिच्या किंचित खाली बसावी. कड भुवईच्या बरीच खाली राहिली तर भुवया आश्चर्याने उंचावल्यासारख्या दिसतात आणि त्या फटीतून वरचे ऊन आत येते. कड फार वर गेली तर चेहऱ्याचे भाव झाकले जातात. टिकली किंवा कुंकू लावणाऱ्या स्त्रियांना दुहेरी दांडीच्या पुलापेक्षा एकेरी आणि साधा पूल अधिक खुलतो, कारण भुवयांमधली जागा मोकळी राहते. फेट्यासोबत गॉगल घालायचा असेल तर सरळ आणि पातळ काड्या निवडाव्यात आणि फेटा बांधून झाल्यावर त्या कापडाच्या आतून कानावर टेकतील असे पाहावे. कापडाच्या वरून गेलेल्या काड्या फ्रेम पुढे लोटतात आणि गॉगल नथीवर उतरतो. हेल्मेट वापरणाऱ्यांसाठीही हाच नियम लागू आहे.

नाक हा फ्रेमचा खरा आधार होय, आणि बाजारातील अनेक फ्रेम उंच आणि अरुंद नाकाचा अंदाज धरून घडवलेल्या असल्याने अडचण येथेच अधिक येते. नाकाचा वरचा भाग बसका असेल तर अशी फ्रेम घसरून गालांवर टेकते, हसताना वर उचलली जाते आणि गालाच्या घामाने काच धुकट होते. अशांनी हलवता येणाऱ्या नोजपॅडची फ्रेम किंवा बसक्या नाकासाठी मुद्दाम जाड पॅड दिलेली फ्रेम मागावी. नाकाच्या लांबीचा भासही पुलाच्या जागेवर ठरतो : वरच्या बाजूला असलेला पूल नाक लांब दाखवतो, खालचा पूल ते आखूड दाखवतो. जवळजवळ असलेल्या डोळ्यांना पारदर्शक किंवा फिक्या रंगाचा पूल दूर भासवतो आणि दूर असलेल्या डोळ्यांना गडद पूल जवळ आणतो. फ्रेम घालून मोकळेपणाने हसावे, खाली वाकून मान हलवावी आणि पापण्यांची उघडझाप करावी. गाल फ्रेमला उचलत नसतील, गॉगल घसरत नसेल आणि पापण्यांचे केस काचेला लागत नसतील, तर ती फ्रेम बसली असे म्हणता येते. काचेची खालची कड गालाकडे थोडी झुकलेली असावी, कारण त्या झुकावामुळे खालून परावर्तित होणारे ऊन अडते आणि फ्रेम चेहऱ्यापासून सुटी दिसत नाही.

काचेच्या वक्रतेला चष्म्याच्या व्यवसायात ‘बेस’ म्हणतात. चार बेसची काच जवळजवळ सपाट, सहाची साधारण वळणाची आणि आठची कानशिलापर्यंत गुंडाळणारी असते. कोरोनिओ यांचे निष्कर्ष लक्षात घेता दुचाकीस्वार, शेतकरी आणि खेळाडूंसाठी आठ बेस योग्य ठरतो, आणि तो वाऱ्याबरोबर येणारी धूळही अडवतो. ज्यांना नंबरचा गॉगल हवा आहे त्यांनी मात्र मोठा नंबर फार वळणाच्या काचेत बसवू नये, कारण कडेची दृष्टी विकृत होते. त्यांच्यासाठी सहा बेसची फ्रेम आणि थोडी रुंद काडी ही जोडी बरी, कारण रुंद काडी बाजूचे ऊन आपणच अडवते.

काचेच्या रंगांपैकी करडा रंग सर्व रंगांना सारखे मंद करतो आणि म्हणून वाहन चालवण्यास सर्वांत निर्धोक आहे; तपकिरी रंग निळा प्रकाश अधिक कापून खड्डे, उंचवटे आणि कडा ठळक करतो; हिरवा या दोहोंच्या मधला. निळ्या, जांभळ्या आणि गुलाबी काचा हौसेपुरत्या ठेवाव्यात, कारण सिग्नलचे रंग ओळखण्यात त्या अडथळा आणू शकतात. प्रकाशात आपोआप गडद होणाऱ्या काचांविषयी दोन मर्यादा ठाऊक असाव्यात. त्या अतिनील किरणांनी गडद होतात आणि गाडीची पुढची काच ते किरण अडवते, त्यामुळे गाडीत त्या जवळपास फिक्याच राहतात. शिवाय तापमान जितके अधिक तितक्या त्या कमी गडद होतात, म्हणजे विदर्भाच्या मे महिन्यात, जेव्हा त्यांची गरज सर्वाधिक असते, तेव्हा त्या आपले काम अर्धवट करतात.

पोलराइज्ड काचेचे काम वेगळे आहे. प्रकाशलहरी सर्व दिशांनी आंदोलत असतात, परंतु पाण्यावरून, ओल्या डांबरावरून किंवा गाडीच्या टपावरून तिरपा परतलेला प्रकाश मुख्यतः आडव्या दिशेने आंदोलत राहतो; या एकाच दिशेच्या आंदोलनाला ध्रुवण म्हणतात. अमेरिकी संशोधक एडविन लँड यांनी १९२९ च्या सुमारास विकसित केलेला ध्रुवक पापुद्रा आडव्या लहरी अडवतो आणि उभ्या लहरी सोडतो, त्यामुळे पाण्यावरची लखलख नाहीशी होऊन खालचा तळ दिसू लागतो. मासेमारी, नौकानयन आणि घाटातील लांब प्रवास यांसाठी ही काच अत्यंत सुखद आहे. मात्र लखलख कमी होणे म्हणजे अतिनील किरण अडणे नव्हे, त्यासाठी वेगळी तपासणी हवीच. आणि काही फोन व गाड्यांचे पडदे तिच्यातून काळे दिसतात. काच खरी आहे का हे पाहण्यास तोच दोष उपयोगी पडतो : फोनच्या किंवा संगणकाच्या उजळ पडद्यासमोर गॉगल धरून हळूहळू फिरवला असता एका कोनात पडदा काळवंडला तर काच पोलराइज्ड आहे.

फ्रेमच्या द्रव्यांपैकी सेल्युलोज अ‍ॅसिटेट हे कापसाच्या किंवा लाकडाच्या तंतूंपासून केलेले प्लास्टिक सर्वांत उजवे म्हणावे लागेल, कारण त्यातील रंग आरपार असतात आणि दुकानात किंचित तापवून ते प्रत्येकाच्या कानानाकाप्रमाणे वळवता येते. साच्यात ओतलेल्या स्वस्त प्लास्टिकच्या फ्रेमला ही सवलत नसते. ती जशी आली तशीच राहते. नायलॉनच्या जातीचे टीआर-९० हलके आणि लवचिक असल्याने मुलांसाठी आणि खेळासाठी चांगले. खोट्या दागिन्यांनी ज्यांच्या त्वचेला खाज सुटते त्यांनी निकेलमिश्रित धातूची फ्रेम टाळून टायटॅनियमची घ्यावी. मुलांच्या बाबतीत खेळण्यातला गॉगल देण्याचा मोह टाळलाच पाहिजे, कारण लहान मुलांचे नेत्रभिंग मोठ्यांच्या तुलनेत अधिक पारदर्शक असते आणि अतिनील किरण त्यातून अधिक आत जातात.

निगेचा विचार बसण्याच्या विचारापासून वेगळा काढता येत नाही, कारण फ्रेम एकदा फाकली की काच कितीही स्वच्छ असली तरी गॉगलचे रक्षण आणि शोभा दोन्ही गेलेली असतात. एका हाताने ओढून काढण्याची आणि डोक्यावर केसांत खोचून ठेवण्याची सवय बिजागऱ्या सैल करते. केसांतले खोबरेल तेल काचेवर आणि नोजपॅडवर चढते ते वेगळेच. गॉगल दोन्ही हातांनी घालावा आणि काढावा, काचा वर राहतील असा ठेवावा, आणि वापरात नसेल तेव्हा कडक डबीत ठेवावा. पिशवीच्या तळाशी किल्ल्यांच्या आणि नाण्यांच्या सोबत गेलेली काच महिनाभरात निरुपयोगी होते.

काच पुसण्याची रीत बहुतेक घरांत उलटी आहे. सदऱ्याच्या टोकाने, ओढणीने किंवा पदराने कोरडी काच पुसली जाते, आणि रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झ या खनिजाचे सूक्ष्म कण असतात, जे खिडकीच्या काचेपेक्षाही कठीण असल्याने प्लास्टिकच्या भिंगावर प्रत्येक वेळी बारीक ओरखडे काढतात. म्हणून आधी नळाच्या साध्या पाण्याखाली गॉगल धरून धूळ वाहून जाऊ द्यावी, मग भांड्यांच्या द्रव साबणाचा एक थेंब बोटांवर घेऊन काचा, नोजपॅड आणि काड्यांची टोके हलक्या हाताने चोळावीत, पुन्हा धुवावे, आणि सूक्ष्म तंतूंच्या स्वच्छ फडक्याने टिपून घ्यावे. ते फडकेही वेळोवेळी धुवावे लागते, परंतु कपड्यांना मऊपणा देणारे द्रव्य वापरू नये, कारण त्याचा थर काचेवर उतरतो. गरम पाणी, अमोनियायुक्त काचसफाईचे द्रव, टूथपेस्ट आणि नखांचे रंग पुसण्याचे अ‍ॅसिटोन ही सर्व वर्ज्य आहेत. अ‍ॅसिटोन तर अ‍ॅसिटेटची फ्रेम अक्षरशः विरघळवते. डास घालवणाऱ्या काही मलमांतील डीईईटी हे द्रव्यही प्लास्टिक खराब करते, तेव्हा ती लावल्यावर हात धुऊनच गॉगलला स्पर्श करावा.

उष्णता हा गॉगलचा दुसरा शत्रू. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तापमान सहज ७० अंश सेल्सियसच्या पुढे जाते. तेवढ्या उष्णतेत अ‍ॅसिटेट मऊ होऊन वाकते, पोलराइज्ड काचेचे थर कडेने सुटू लागतात, आणि काचेवरचा लेप व काचेचे प्लास्टिक यांच्या प्रसरणाचे प्रमाण सारखे नसल्याने लेपाला कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात. अशा चिरा पुसून जात नाहीत आणि त्यावर दुरुस्तीही नाही.

कोकणात आणि गोव्यात समुद्रावरून परतल्यावर गॉगल गोड्या पाण्याने धुणे हा रोजचा नेम असावा, कारण वाळलेल्या मिठाचे खडे काचेवर ओरखडे काढतात आणि बिजागरीतील स्क्रू गंजवतात. घामही खारटच असतो. धातूच्या नोजपॅडच्या सांध्यात जमणारी हिरवट काजळी त्याचीच, आणि जुन्या अ‍ॅसिटेटच्या काड्या कानामागे पांढुरक्या पडतात त्यामागे घाम आणि त्वचेवरचे तेल असते. पावसाळ्यात तीन-चार महिने गॉगल बंद राहणार असेल तर तो धुऊन, पूर्ण कोरडा करून, औषधांच्या डब्यांतून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह डबीत ठेवावा. अर्थात पावसाळ्यातही पातळ ढगांतून अतिनील किरणांचा मोठा भाग खाली येत असतो, तेव्हा श्रावणातल्या उघडिपीसाठी तो हाताशी असणे बरे.

काचेवर ओरखडे पडले म्हणजे संरक्षण संपले असे नाही, कारण किरण अडवणारे द्रव्य काचेच्या पोटात असते. परंतु ओरखड्यांवर प्रकाश विखुरतो, नजर सतत ताणली जाते, आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात समोरचे वाहन ओळखणे कठीण होते, म्हणून अशी काच बदलावी. फ्रेम मात्र टाकण्याचे कारण नसते. सैल बिजागरीचा स्क्रू आवळून देणे, पिवळे पडलेले नोजपॅड बदलणे, फाकलेल्या काड्या तापवून पुन्हा कानामागे वळवणे ही कामे चष्म्याचे अनेक दुकानदार किरकोळ पैशांत, ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी विनामूल्यही करतात. चांगल्या अ‍ॅसिटेटच्या किंवा टायटॅनियमच्या फ्रेममध्ये नव्या काचा, हव्या त्या श्रेणीच्या, हव्या त्या रंगाच्या आणि गरज असल्यास नंबरच्याही बसवून मिळतात. कपाटाच्या खणात पडलेल्या जुन्या, जाड काडीच्या, नीट बसणाऱ्या फ्रेम त्यासाठी बाहेर काढून एकदा दुकानात दाखवाव्यात आणि जागची काच आधी तपासणी यंत्राखाली धरावी. ती उत्तीर्ण झाली आणि तिच्यावर ओरखडे नसले तर नव्या काचेचाही खर्च वाचतो.